अपरिचित पाण्याचा शोध

प्रस्तावना

दिल्ली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल किल्ला, कुतुबमिनार आणि माणसांनी गजबजलेले रस्ते उभे राहतात. पाण्याचा विचार केला, तर फार तर यमुनेचे नाव आठवते. परंतु या महानगराच्या परिसरात अनेक लहान ओढे, तळी, कुंडे आणि दलदली आहेत. काही जिवंत आहेत, काही मरणपंथाला लागली आहेत आणि काहींचे केवळ नाव उरले आहे. प्रस्तुत पाठात ही पाणी शोधण्याची रीत आपण एका गळकऱ्याच्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या छांदिष्टाच्या, दृष्टीने समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• स्थळनामांवरून जुन्या पाणवठ्यांचा माग काढू शकाल;
• पाणी माशांसाठी योग्य आहे की नाही, याची चिन्हे सांगू शकाल;
• लहान जलाशयांविषयी आपले कर्तव्य स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

पिसे, केस आणि दोरा यांची माशी बनवून ती गळाला बांधायची आणि तिने मासा फसवायचा, या छंदाला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. साध्या गळाला शिशाचे वजन असते. येथे मात्र माशी अगदी हलकी असते आणि तिला दूरवर नेण्याचे काम जड दोरी करते. हिमाचल प्रदेशात आणि काश्मीरमध्ये हा खेळ थंड पाण्यातील ट्राउट माशासाठी खेळतात. मैदानी प्रदेशातील उष्ण पाण्यात रोहू, कटला, मरळ असे मासे असतात. या खेळाला मोठी नदीच हवी असे नाही, लहानसे तळेही पुरते. म्हणूनच असा गळकरी इतरांच्या नजरेतून सुटलेले पाणी हुडकत फिरतो.

हा शोध नावांपासून सुरू होतो. ताल, हौज, कुंड, झील, बावली आणि जोहड हे सारे उत्तर भारतातील पाण्याचे शब्द आहेत. जोहड म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गावतळे. 'तालकटोरा' या नावात ताल म्हणजे तलाव आणि कटोरा म्हणजे वाडगा. १७३७ साली बाजीराव पेशव्यांनी दिल्लीवर धडक मारली, तेव्हाच्या लढाईशी हे नाव जोडले जाते. आज ते ऐकताच लोकांना क्रीडागार आठवते. 'सतपुला' म्हणजे सात कमानींचा बंधारा. तो चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळी बांधला गेला. 'बारापुला' हा पूल सतराव्या शतकातील आहे. ज्या ओढ्यावर तो बांधला, तो आता सांडपाण्याचा नाला झाला आहे.

नावानंतर उतार पाहावा. दिल्लीच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस अरवलीची खडकाळ टेकडी आहे आणि पूर्वेस यमुना आहे. टेकडीवर पडलेला पाऊस उताराने नदीकडे धावतो. या वाटेवरील खोलगट जागा नकाशावर हेराव्यात आणि मग गावातील वृद्धांना विचारावे. 'पूर्वी गुरे पाण्यावर कोठे नेत?' या एका प्रश्नाने पुष्कळदा नकाशात नसलेले तळे सापडते.

पाणी सापडले, तरी ते जिवंत असेलच असे नाही. राजस्थानातील अरवलीत उगम पावणारी साहिबी नदी हरियाणातून वाहत नजफगडच्या झिलेत येत असे. दिल्लीतील तिचा प्रवाह आज 'नजफगड नाला' म्हणून ओळखला जातो आणि शहराचे सांडपाणी घेऊन वजीराबादच्या खाली यमुनेला मिळतो. नदीचे नाव गेले आणि नाला हे नाव आले; मग त्यात घाण सोडताना कोणाचे मन कचरेनासे झाले. ओखल्याच्या बंधाऱ्याखाली इंग्रज अधिकारी एकेकाळी महासीर पकडत. वाहते, स्वच्छ पाणी आवडणारा हा मासा आता तेथील यमुनेत मिळत नाही.

माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी जितके तापते, तितका तो कमी मावतो. दहा अंश सेल्सियसच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. मासे वाढण्यासाठी तो किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाणी मिसळले की त्यातील घाण कुजताना हा प्राणवायू संपत जातो. म्हणूनच उन्हाळ्याच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, तर ते संकट समजावे. मात्र मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकतात. ते दिसले एवढ्यावरून पाणी चांगले ठरत नाही. लहान माशांचे थवे, चतुर, खंड्या पक्षी आणि दुर्गंधीचा अभाव ही सारी चिन्हे एकत्र असावी लागतात.

शोधलेल्या प्रत्येक पाण्यात गळ टाकावा, असेही नाही. ओखला पक्षी अभयारण्य आणि सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान ही संरक्षित क्षेत्रे आहेत. तेथे केवळ पाहायचे. गावतळी पुष्कळदा मत्स्यपालनासाठी ठेक्याने दिलेली असतात. तेथे ठेकेदाराची संमती हवी. नदीवर मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा आणि माशांच्या विणीच्या काळात, पावसाळ्यात, गळ घरी ठेवावा. नाल्याच्या पाण्यातील मासा तर खाऊच नये.

मरू लागलेले पाणी पुन्हा जगू शकते, याचे उदाहरण दिल्लीतच आहे. दक्षिण दिल्लीतील नीला हौज हा तळे सांडपाण्याने आणि पुलाच्या बांधकामाच्या राडारोड्याने नासला होता. परिसरातील नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली. पुढे दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांनी दगडांचे बांध व पाणवनस्पती यांतून सांडपाणी गाळून घेण्याची व्यवस्था केली. तेथे आज जैवविविधता उद्यान आहे आणि पक्षी परतले आहेत. त्या तळ्याला ओळखणारी माणसे होती, म्हणून ते वाचले. ज्या पाण्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते, त्याच्यासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

शब्दार्थ

मरणपंथ – मृत्यूची वाट
छांदिष्ट – छंदाचे वेड असलेला
राडारोडा – बांधकामाचा टाकाऊ माल
वीण – माशांनी अंडी घालण्याची क्रिया

पाठान्त प्रश्न

१. तालकटोरा आणि सतपुला या नावांतून कोणती माहिती मिळते?
२. मरळ मासा दिसला, तरी पाणी स्वच्छ आहे असे का म्हणता येत नाही?
३. 'नदीचे नाव गेले आणि नाला हे नाव आले' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या वस्तीजवळील एखाद्या लहान जलाशयाचे जुने नाव शोधा आणि त्याच्या आजच्या स्थितीविषयी दहा ओळी लिहा.