मिळालेलं तारण हातचं जातं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बाप्तिस्मा घेऊन मंडळीत मनापासून सेवा करत होता. आता तो उपासनेला येत नाही आणि ‘माझा विश्वास उरलेला नाही’ असं स्पष्ट सांगतो. आमचे पाळक म्हणतात, एकदा मिळालेलं तारण कधीच जात नाही. मेथडिस्ट मंडळीतल्या माझ्या सासूबाई म्हणतात, जातं. खरं काय?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत नाही. कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्या आणि बहुतेक बॅप्टिस्ट ‘जात नाही’ म्हणतात. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि मेथडिस्ट ‘जाऊ शकतं’ म्हणतात. तुमचे पाळक आणि सासूबाई, दोघंही आपापल्या परंपरेला धरूनच बोलत आहेत.

दोन्ही बाजूंना बायबलचाच आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू सांगतो की त्याची मेंढरं त्याच्या हातून कोणी हिसकावून नेणार नाही. मात्र पुढे 15व्या अध्यायात तोच बजावतो की वेलात न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो. इब्री लोकांस पत्राचा 6वा अध्याय तर पवित्र आत्म्याचा वाटा मिळूनही जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे असं म्हणतो.

मंडळीला हा पेच प्रत्यक्षात सोडवावा लागला तो इसवी सन 250 च्या सुमारास. रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिले, काहींनी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले.

रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना मंडळीत परत घेता येणार नाही, यांचा न्याय देवच करील. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पाप लहान ठरवलं नाही, पण दारही लावलं नाही. पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त करून परत या, हा त्याचा मार्ग होता. हाच सिप्रियन पुढे 258 मध्ये स्वतः विश्वासासाठी शिरच्छेदाला सामोरा गेला.

325 च्या निकिया परिषदेनेही परतीचा मार्ग ठरवून दिला. रोमन सम्राट लिसिनियसच्या काळात जबरदस्ती नसतानाही ज्यांनी विश्वास सोडला होता, त्यांच्यासाठी एकूण 12 वर्षांचं प्रायश्चित्त होतं. पण मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये, हेही याच परिषदेने बजावलं. वाट लांब होती, पण ती पुन्हा प्रभूच्या मेजाकडेच नेत होती.

धर्मसुधारणेच्या काळात वाद नव्याने पेटला. 1530 च्या लूथरन ऑग्सबर्ग कबुलीने ‘एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्मा गमावू शकत नाही’ हे मत नाकारलं. कॅथोलिकांच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये सांगितलं की गंभीर पापाने कृपा जाते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने ती पुन्हा मिळते. नेदरलँड्समध्ये धर्मशास्त्रज्ञ अर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये हा प्रश्न आणखी अभ्यासासाठी मोकळा ठेवला. 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेने मात्र निर्णय दिला : देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो.

या डॉर्टच्या निर्णयाचा पुष्कळदा अर्धाच भाग सांगितला जातो. खरे विश्वासीही दावीद आणि पेत्र यांच्यासारखे भयंकर पडू शकतात, देवाच्या कृपेची जाणीवही काही काळ गमावू शकतात, हे त्याच सभेने लिहून ठेवलं आहे. म्हणजे ‘एकदा हात वर केला, आता कसंही वागा’ ही शिकवण कॅल्विनच्या परंपरेचीही नाही. जो अखेरपर्यंत पाठ फिरवून राहिला त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता, असं ती परंपरा म्हणते. मेथडिस्ट म्हणतात, विश्वास खरा होता, पण त्याने तो सोडला. दोन्ही विधानं आयुष्याच्या अखेरीबद्दल आहेत. तुमचा भाऊ अजून चालत्या वाटेवर आहे. त्याच्याबद्दल आज निकाल देण्याचा अधिकार यांपैकी एकाही परंपरेने कोणाला दिलेला नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर इब्रीच्या पत्रातला तो कठोर इशारा त्याच्या पुढच्या वाक्यांसह वाचावा. इशारा देऊन होताच लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि त्यांच्याविषयी आपल्याला अधिक चांगल्याची खात्री आहे, असं सांगतो. ज्यांच्यावर आशा टिकून आहे, त्यांनाच असं बजावलं जातं. पेत्राने तीनदा प्रभूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारलं आणि कळप त्याच्याच हाती सोपवला.

म्हणून भावासमोर वचनांची यादी ठेवू नका. त्याचा विश्वास कशाने तुटला, कुणाच्या वागण्याने की एखाद्या दुःखाने, हे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्याने विचारलं तर तुमचा स्वतःचा विश्वास कशावर उभा आहे, ते सांगा. त्याच्यासाठी प्रार्थना सोडू नका. मंडळीत कोणी त्याला ‘हरवलेला’ ठरवत असेल, तर निकियाच्या परिषदेने असा दरवाजा बंद केला नव्हता, हे त्यांना ठामपणे सांगा.