ट्युनिशियातल्या मुलींचा वाटा

(चिपळूणजवळच्या एका घराची ओटी. खाला संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, भाची वर्तमानपत्रात उमेदवारी करणारी.)

भाची : खाला, मथळा ठरला. ‘जगभरच्या मुसलमानांना शरियतच हवी.’ प्यू रिसर्च सेंटरचा २०१३चा अहवाल हाताशी आहे. ३९ देश, ३८ हजारांवर मुलाखती, सगळ्या समोरासमोर बसून घेतलेल्या.

खाला : पाहणी मेहनतीची आहे. मथळा नाही. शरियत देशाचा कायदा व्हावी का, याला अफगाणिस्तानात ९९ टक्के ‘हो’ म्हणाले. अझरबैजानात?

भाची : ८. तुर्कस्तानात १२.

खाला : मग ‘जगभरचे’ कुठे राहिले? आणि भारत त्या ३९ देशांत नाहीच. सौदी अरेबिया नाही, चीनही नाही.

भाची : बरं, मग देशांचे गट पाडते. काही कर्मठ, काही पुढारलेले.

खाला : ट्युनिशिया कुठल्या गटात टाकशील?

भाची : नवऱ्यापासून तलाक घ्यायचा हक्क बायकोला असावा, असं ८१ टक्के म्हणतात. म्हणजे पुढारलेला.

खाला : आता वारशाचं पान काढ. मुलगा-मुलगी समान वाटा?

भाची : १५ टक्के! छपाईची चूक असेल.

खाला : चूक नाही गं. १९५६ साली मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हबीब बुरगीबा यांनी नवा कौटुंबिक कायदा आणला. बहुपत्नीत्व बंद. तलाक फक्त कोर्टात, आणि तो मागण्याचा हक्क दोघांनाही. पाहणीत बोललेल्यांपैकी बहुतेक जण त्यानंतर जन्मलेले. आईनं कोर्टातून सोडचिठ्ठी घेतली, मावशीनं घेतली, हे बघतच ती मुलं वाढली. त्यांना त्यात धर्म बुडाल्यासारखं कशाला वाटेल? पण त्याच कायद्यानं वारशाला हात लावला नाही. मुलाला दोन मुलींइतका वाटा, हे कुराणात थेट प्रमाण देऊन सांगितलंय, म्हणून तिथे बुरगीबाही थांबले. पुढे राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी २०१८मध्ये समान वाट्याचा मसुदा पुढे रेटला. २०१९मध्ये ते वारले आणि मसुदा अडकून राहिला.

भाची : म्हणजे जिथे ग्रंथ स्पष्ट, तिथे मत पक्कं. असंच ना?

खाला : मग इंडोनेशिया बघ. ग्रंथ तोच, आयत तीच. शरियत हवी म्हणणारे ७२ टक्के, म्हणजे ट्युनिशियापेक्षा जास्त. आणि मुलीला समान वाटा म्हणणारे ७६!

भाची : हे कसं?

खाला : तिथे ‘अदात’ आहे. अदात म्हणजे रीतरिवाज. पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक पक्के मुसलमान, पण वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून लेकीकडे जातं. इतरत्र बाप हयातीतच लेकीला हिबा, म्हणजे बक्षीस, करून देतो. हिबानामा आपल्याकडेही असतो, तुला ठाऊक आहे. मुनव्विर शादझली १९८३ ते १९९३ इंडोनेशियाचे धर्मव्यवहार मंत्री होते. ते उघड म्हणत, लोक हिबा करून वाटे समान करतातच, मग वाटणीचा नियमही समान का असू नये? वाद झाला खूप. पण मला त्यांचं धैर्य आवडतं.

भाची : मग शरियत हवी म्हणणाऱ्या माणसाला नक्की काय हवं असतं?

खाला : कुणाला लाच न खाणारा न्यायाधीश, कुणाला कठोर शिक्षा. ते दुसरंही लपवू नकोस. इजिप्तमध्ये शरियत मागणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांना धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड हवा होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर तळमळत होते. फक्त हिशेब नीट मांड. ते ८६ टक्के सगळ्या मुसलमानांचे नाहीत. शरियत मागणारे ७४, त्यांतले ८६. म्हणजे शंभरात साधारण ६४. तेही भयंकरच आहे. पण कझाकस्तानात मुळात शरियत मागणारे १०, आणि त्यांतले ही शिक्षा मागणारे ४ टक्के. हजारात चार माणसं! दोन्ही आकडे एकाच बातमीत यायला हवेत.

भाची : आणि आपल्याबद्दल काहीच नाही?

खाला : प्यूचीच दुसरी पाहणी आहे. २०१९-२०मध्ये भारतात, सगळ्या धर्मांचे मिळून सुमारे ३० हजार लोक. त्यातल्या मुसलमानांपैकी ५६ टक्के तोंडी तीन तलाकच्या विरोधात. आणि ७४ टक्क्यांना घरगुती तंटे आपल्या धार्मिक न्यायालयात नेण्याची मुभा हवी.

भाची : हे तर उलटसुलट झालं.

खाला : मला नाही वाटत. एका दमात घराबाहेर काढलं जाऊ नये, आणि भांडण आपल्या माणसांपुढे मिटावं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईला हव्या असू शकतात. शिवाय ही पाहणी झाली ती २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा तीन तलाकवरचा निकाल आणि २०१९चा कायदा आल्यावर. त्याच्या कितीतरी आधीचे समाजसुधारक हमीद दलवाई बघ, आपल्या शेजारच्या मिरजोळीचे. १९६६मध्ये त्यांनी मुंबईत तलाकविरोधी मोर्चा काढला, तेव्हा सोबत किती बायका होत्या? सात. त्या सातजणींना कुणी टक्केवारी विचारली नव्हती.

भाची : खाला, एक विचारू? तुमच्या वाट्याचं काय झालं?

खाला : भावाच्या निम्मा होता. तोही सोडला. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सही केली. त्याच दिवशी रांगेत माझ्या पुढे एक हिंदू बाई उभी होती. तिला १९९४पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीचा हक्क, आणि तीही हक्क सोडायलाच आलेली. त्या दिवशी कुणी पाहणीवाल्यानं विचारलं असतं, तर समान वाटा हवा, असंच मी म्हटलं असतं. अगदी मनापासून.

भाची : मग सही का केली?

खाला : अम्मी म्हणाली, भाऊ माहेरचं दार उघडं ठेवेल.