पाडस

एप्रिल महिन्यातील एक दुपार होती. मक्याच्या शेतातील काम अर्धवट टाकून बारा वर्षांचा ज्योडी हळूच रानात निघून गेला. एका झऱ्याच्या काठी बसून त्याने ताडाच्या पात्यांचे लहानसे पाणचक्र तयार केले. पाण्याच्या धारेबरोबर ते गरगर फिरू लागले. ते पाहता पाहता ज्योडी आडवा झाला व त्याला गाढ झोप लागली. सायंकाळी तो भीत भीत घरी परतला, तेव्हा त्याच्या वाटणीची लाकडे वडीलच फोडीत होते. ते रागावले नाहीत. मुलाने आणखी काही दिवस असेच बागडावे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

‘पाडस’ या कादंबरीचा प्रारंभ असा होतो. ही कादंबरी मूळ इंग्रजी असून ती १९३८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्या लेखिकेचे नाव मार्जोरी किनन रॉलिंग्ज. १९३९ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन यांनी तिचा मराठीत सुरेख अनुवाद केला आणि ज्योडी महाराष्ट्रातील वाचकांच्याही घरचा झाला.

मार्जोरीबाईंचा जन्म १८९६ साली वॉशिंग्टन शहरात झाला. १९२८ साली शहर सोडून त्या फ्लॉरिडा राज्यातील क्रॉस क्रीक या लहानशा खेड्यात राहावयास गेल्या. तेथे त्यांनी संत्र्यांची बाग घेतली. जवळच्या रानात राहणाऱ्या गरीब कुटुंबांशी त्यांचा परिचय झाला. त्या लोकांच्या घरी त्या राहिल्या, त्यांच्याबरोबर शिकारीला गेल्या, त्यांची बोली त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातील रान हे ऐकीव रान नाही. तेथील प्रत्येक झाड व प्रत्येक पशू त्यांच्या ओळखीचा आहे.

कादंबरीचा काळ १८७० च्या सुमाराचा आहे. त्या वेळी फ्लॉरिडाच्या त्या भागात मैलोगणती झुडपी, वाळवंटी रान पसरलेले होते. त्या रानाच्या समुद्रात एखाद्या बेटासारखी उंचवट्याची थोडी सुपीक जागा होती. तेथे ज्योडीचे वडील पेनी बॅक्स्टर यांनी घर बांधले होते. पेनी अंगाने अगदी लहानखुरे होते, परंतु मनाने मोठे होते. त्यांचे स्वतःचे बालपण कष्टात करपून गेले होते. म्हणून ज्योडीच्या बालपणाला ते जपत. आईचा स्वभाव मात्र कठोर भासे. ज्योडीच्या आधी तिची कितीतरी मुले दगावली होती. पुन्हा दुःख नको म्हणून की काय, तिने मायेला जणू आवर घातला होता.

या कुटुंबाचे जीवन खडतर होते. पाणी दूरच्या एका खोल खळग्यातून आणावे लागे. पेरलेला मका व चवळी आणि शिकारीचे मांस यांवर वर्षाची गुजराण होई. कधी अस्वल जनावरे मारून जाई, तर कधी पुराने पीक कुजून जाई. एक पीक बुडाले की घरात उपासमार उभी राही. पुढे जे घडते ते कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

एके दिवशी रानातून जात असता पेनीला एका जहाल विषारी सापाने दंश केला. समोर एक हरिणी उभी होती. हरिणीचे काळीज जखमेवर ठेवले म्हणजे विष ओढले जाते, असा त्या काळी तेथील लोकांचा समज होता. पेनीने तत्काळ हरिणीवर गोळी झाडली. तिच्यामागे तिचे इवलेसे पाडस गांगरून उभे होते. ज्योडी मदतीसाठी शेजाऱ्यांकडे धावत सुटला. पेनी मरणाच्या दारातून परत आले. परंतु ज्योडीच्या डोळ्यांपुढून ते पोरके पाडस हलेना. आपल्या वडिलांसाठी त्याची आई गेली. मग त्याला उपाशी मरू द्यावे काय? त्याने वडिलांना विचारले. आईचा विरोध होता, कारण आणखी एका तोंडाला दूध कोठून आणावयाचे? ज्योडी म्हणाला, की माझ्या वाटणीचे दूध मी त्याला देईन. पेनीने पाडस आणण्यास अनुज्ञा दिली.

ज्योडीचा फॉडरविंग नावाचा एक मित्र होता. तो जन्मतः अपंग होता. एकदा गवताच्या पेंढ्या हातांना बांधून त्याने कोठारावरून आकाशात उडण्याचा प्रयत्न केला होता! रानातील लहान लहान प्राणी त्याच्या खांद्यावर निर्भयपणे बसत. पाडसाला नाव कोणते ठेवावे, हे त्यालाच विचारावे म्हणून ज्योडी त्याच्या घरी गेला. परंतु त्याच्या आधीच फॉडरविंगने या जगाचा निरोप घेतला होता. मात्र पाडसासाठी त्याने नाव सुचवून ठेवले होते. हरिणाची शुभ्र शेपटी निशाणासारखी डौलाने वर उचललेली असते. म्हणून पाडसाचे नाव ‘फ्लॅग’, म्हणजे निशाण, असे पडले.

ज्योडी आणि फ्लॅग एकमेकांपासून क्षणभरही दूर होत नसत. परंतु वर्ष सरत आले आणि फ्लॅग आता इवलेसे पाडस राहिले नाही. त्याने तंबाखूची रोपे तुडविली. मक्याचे कोवळे कोंब खाऊन फस्त केले. त्याच वेळी जड खुंट उपटताना पेनीला इजा झाली व ते अंथरुणास खिळले. ज्योडीने मका पुन्हा पेरला. दिवसेंदिवस राबून त्याने कुंपण उंच केले. इतके कष्ट त्याने पूर्वी कधीच केले नव्हते. परंतु फ्लॅगने एका झेपेत ते कुंपण ओलांडले आणि नवे कोंबही खाल्ले.

पेनीने ज्योडीला जवळ बोलावले. फ्लॅगला रानात नेऊन गोळी घाल, असे त्यांनी सांगितले. ज्या बापाने पाडस घरात आणू दिले, त्यालाच हे सांगावे लागले. ज्योडीला ते करवेना. तो फ्लॅगला घेऊन रानात भटकला व तसाच परत आला. फ्लॅग पुन्हा पिकात शिरला. तेव्हा आईने बंदूक उचलली. परंतु तिचा नेम चुकला व फ्लॅग घायाळ झाला. त्याच्या वेदना थांबविण्यासाठी अखेरची गोळी ज्योडीलाच झाडावी लागली.

वडिलांनी आपला विश्वासघात केला, असे ज्योडीला वाटले. तो घर सोडून पळाला. एका लहानशा नावेतून तो नदीवर भटकत राहिला. त्याच्याजवळ अन्न नव्हते. भुकेने तो ग्लानी येऊन पडला. टपाल नेणाऱ्या बोटीवरील लोकांनी त्याला वाचविले. उपासमारीविषयी आई नेहमी बोलत असे, तेव्हा ते शब्द त्याच्या कानांवरून जात. आता त्यांचा अर्थ त्याच्या पोटाला कळला. फ्लॅगने खाल्लेले कोंब म्हणजे साऱ्या घराच्या तोंडचा घास होता.

ज्योडी घरी परतला. वडिलांनी त्याला दोष दिला नाही. जीवन माणसाला खाली पाडते. तरी उठून आपला भार उचलावा लागतो, अशा आशयाचे चार शब्द ते बोलले. मुलाचे बालपण लांबावे ही त्यांची इच्छा पुरी झाली नव्हती. पण आता त्यांच्यापुढे त्यांचा भार वाटून घेणारा एक सोबती उभा होता. दुसऱ्या दिवसापासून शेताची कामे ज्योडीच अंगावर घेणार होता.

कादंबरीच्या मूळ इंग्रजी नावाचा अर्थ ‘एक वर्षाचे जनावर’ असा आहे. ते नाव फ्लॅगला लागू पडते, तसेच ज्योडीलाही. एका वर्षात दोघेही वाढले. एकाच्या वाढण्याने पीक गेले, दुसऱ्याच्या वाढण्याने घराला आधार मिळाला. मात्र त्यासाठी ज्योडीला जे द्यावे लागले, ते त्याला पुन्हा कधीही मिळणार नव्हते. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तो कुंपणाचा किंवा मक्याचा विचार करीत नव्हता. त्याचे कान अजूनही त्या चिमुकल्या खुरांचा आवाज शोधीत होते.

शब्दार्थ
गुजराण – निर्वाह. अनुज्ञा – परवानगी. ग्लानी – मूर्च्छा, अतिशय थकवा. घायाळ – जखमी.

स्वाध्याय
१. पेनी ज्योडीच्या बालपणाला का जपत?
२. पाडस घरी आणण्यास आईचा विरोध का होता? तिचे म्हणणे तुम्हाला योग्य वाटते काय?
३. ‘आता त्यांचा अर्थ त्याच्या पोटाला कळला’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. फ्लॅगला मारण्याची आज्ञा देताना पेनीच्या मनात कोणते विचार आले असतील, ते दहा ओळींत लिहा.
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : सुपीक, कठोर, निर्भय, विश्वास.