टेप ड्राइव्ह जोडला की कंप्युटर हँग होतो? पैसे मोजण्याआधी हे तपासा

कपाटाच्या तळाशी एक डबा असतो. आत पत्त्यांच्या कॅटापेक्षा लहान अशा दहा-वीस डॅट टेप, वर पेनानं लिहिलेलं 'फुल बॅकअप, मार्च 2003'. शेजारी विटेएवढा एक्स्टर्नल ड्राइव्ह, बोटाएवढी जाड केबल आणि एक जुना पीसी. वीस वर्षांनी कुणाला तरी त्यातली एक फाइल हवी असते. ड्राइव्ह जोडला, पीसी चालू केला, की स्क्रीन आहे तिथं थिजते. माउससुद्धा हलत नाही.

अशा वेळी 'मदरबोर्ड गेलाय' किंवा 'ड्राइव्ह भंगारात द्या' ही दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. मी एकदा असंच ऐकून आधी रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय, मग हार्ड डिस्क. दोष निघाला केबलच्या शेवटच्या टोकाला. तिथं टर्मिनेटर लावलेलाच नव्हता. ते पैसे गेले याहून वाईट वाटलं ते या खटाटोपात दोन टेप खराब झाल्या याचं. म्हणून हा क्रम सांगतो आहे.

सगळ्यात आधी टेपवर काय आहे त्याची किंमत ठरवा. निव्वळ हिशेबाची कागदपत्रं असतील तर थांबून विचार करा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत वाढते, ते आपल्या सीएंना विचारा. पण तसं काही नसेल, तर 2003 च्या व्हाउचरांसाठी हजारो रुपये घालण्याची सक्ती या दोन कायद्यांत नाही. टेपवर पुस्तकांची मूळ डीटीपी पानं, घरच्यांचे फोटो, ध्वनिमुद्रणं, इमारतीचे नकाशे असतील तर गोष्ट निराळी. ते दुसरीकडे कुठंच नसतं.

आता फुकटातल्या तपासण्या. पीसी बंद करा, ड्राइव्हची केबल काढा आणि पीसी नुसता चालू करा. तरीही हँग होत असेल तर ड्राइव्ह निर्दोष आहे. दुरुस्ती पीसीची करा. व्यवस्थित चालला तर पुन्हा बंद करून ड्राइव्ह जोडा, आत टेप न घालता. आधी ड्राइव्ह चालू करायचा, मग पीसी. ही जाड केबल बहुधा स्कझी या जुन्या जोडणी-पद्धतीची असते. ती चालू मशीनमध्ये कधीही काढू-घालू नका, त्यानं पीसीतलं स्कझी कार्ड जळू शकतं.

सुरुवातीला स्कझी कार्डाची काळी स्क्रीन येते, ती नीट वाचा. तिथं ड्राइव्हचं नाव आणि त्याचा क्रमांक दिसायला हवा. कार्ड स्वतः बहुधा 7 क्रमांक घेतं. तोच क्रमांक ड्राइव्हच्या मागच्या बटणावर लावलेला असेल तर एकच ड्राइव्ह सगळ्या क्रमांकांवर दिसतो. हार्ड डिस्कही स्कझी असेल आणि तिच्याशी क्रमांक जुळला, तर विंडोज चालूच होत नाही. बटण दाबून 4 किंवा 5 करा. खर्च शून्य.

मग टर्मिनेटर. स्कझीची साखळी दोन्ही टोकांना बंद लागते. एका टोकाला कार्ड असतं, दुसऱ्या टोकाला ड्राइव्हच्या मोकळ्या सॉकेटमध्ये बसवायचा छोटा ठोकळा. तो नसेल तर सिग्नल टोकावरून परत फिरतो, आज्ञा अर्धवट पोचते, ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत बसतो. त्याच साखळीवर हार्ड डिस्क असेल तर अख्खा पीसी तिच्यासह अडकतो. केबलची लांबीही महत्त्वाची. जुन्या सिंगल एंडेड पद्धतीत वेगानुसार ती दीड ते तीन मीटर धरा. एलव्हीडी पद्धतीत 12 मीटरपर्यंत चालते, पण साखळीत एक जरी जुनं उपकरण असलं तर सगळी साखळी जुन्या मर्यादेवर येते. ड्राइव्हवर 'एचव्हीडी' अशी खूण दिसली तर तो साध्या कार्डाला जोडूच नका.

ड्राइव्ह प्रिंटरच्या पोर्टवर लागणारा, 1990च्या दशकातला असेल, तर बायोसमध्ये जाऊन पॅरलल पोर्टचा मोड बदलून पाहा. ईसीपी मोड डीएमए वापरतो आणि त्यावरून साउंड कार्डाशी भांडण होऊ शकतं; ईपीपी किंवा साधा मोड लावला की बऱ्याचदा गाडी सुरू होते. आणखी एक. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत याच पोर्टवर सॉफ्टवेअरचं डोंगल बसवलेलं असे. ते काढून पाहा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर टेप घाला, पण जपायची टेप नव्हे. आधी क्लीनिंग कॅसेट, मग एखादी कोरी किंवा नको असलेली टेप. ती नीट चालली आणि नेमक्या जुन्या टेपवरच मशीन अडकलं, तर दोष बहुधा टेपमध्ये आहे. आणि तेव्हाही लगेच रीसेट दाबू नका. टेप मागे गुंडाळणं, खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहणं यात मिनिटं जातात, तेवढा वेळ पडदा मेल्यासारखा वाटतो. पंधरा मिनिटं थांबा. ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा काम चालू आहे.

इथं सर्वांत मोठा धोका आहे, तो पैशांचा नाही. टेप घालण्याआधी तिची राइट-प्रोटेक्ट खटकी सरकवा. डॅट टेपवर भोक उघडं दिसलं म्हणजे ती सुरक्षित. कारण काही प्रोग्रॅम 'ही टेप कोरी दिसते, तयार करू का?' असं विचारतात. एकदा 'हो' म्हटलं की टेपच्या सुरुवातीला नवी खूण आणि तिच्यामागे 'इथं मजकूर संपला' ही नोंद पडते. पुढचा सगळा मजकूर टेपवर असूनही साधा ड्राइव्ह तिथवर जात नाही. खटकीला एक पैसा लागत नाही.

कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढची प्रत्येक टेप खराब करते. ट्रॅव्हान आणि क्यूआयसी प्रकारच्या जुन्या ड्राइव्हमध्ये आतलं रबरी चाक वितळून चिकट होतं. दार उघडून टॉर्चनं बघा. काळा चिकटा दिसला तर तिथंच थांबा.

खर्चाच्या माझ्या मर्यादा सांगतो. बाजारभाव म्हणून नव्हे, याच्यापुढं मी जाणार नाही अशा अर्थानं. केबल, टर्मिनेटर आणि क्लीनिंग कॅसेट मिळून तीन हजार रुपये. जुनं स्कझी कार्ड आणखी तीन हजार. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथं विचारून पाहा. दुकानात टेबलावर लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पण मदरबोर्डवर हे कार्ड बसवायचा पीसीआय स्लॉट आहे का, हे आधी पाहा. नव्या बोर्डावर तो बहुधा नसतो, म्हणून जुना एक्सपीवाला पीसी चालत असेल तर विकू नका. शिवाय एक्सपीमध्ये एनटीबॅकअप हा टेपवर बॅकअप घेणारा आणि वाचणारा प्रोग्रॅम होता. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं तो काढून टाकला.

ड्राइव्हच मेला असेल आणि टेप दहाहून जास्त असतील, तर वापरलेला दुसरा ड्राइव्ह घेण्यात अर्थ आहे, दहा-बारा हजारांपर्यंत. डॅट 72 चा यूएसबी ड्राइव्ह मिळाला तर उत्तम: तो डीडीएस-3 आणि डीडीएस-4 या प्रकारच्या डॅट टेप वाचतो आणि स्कझीची सगळी कटकट संपते. डॅटऐवजी एलटीओ प्रकारची टेप असेल तर पिढी जुळवा. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतात, आठव्या-नवव्या पिढीचे एकच. म्हणजे 2000 सालच्या पहिल्या पिढीच्या टेपसाठी तिसऱ्या पिढीच्या पुढचा महागडा ड्राइव्ह घेऊन उपयोग नाही.

टेप दोन-चारच असतील तर ड्राइव्ह न घेता डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. दर टेपमागे ठरवा, तासामागे नको. डीडीएस-4 टेपवर 20 जीबी मावतं (वेष्टनावरचा 40 चा आकडा दाबून भरल्याचा) आणि सेकंदाला तीन एमबीच्या आसपास वेगानं ते वाचायला दोन तास लागतात. वीस टेप म्हणजे चाळीस तास, पण तेवढा वेळ माणूस समोर बसलेला नसतो. चार गोष्टी लेखी घ्या: तपासणीचे किती, मजकूर मिळाला नाही तर किती, 18 टक्के जीएसटी धरून की वेगळा, आणि मूळ टेप परत कधी मिळणार. पक्कं बिल घ्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा वगळली आहे, स्वतःच्या उपजीविकेसाठीची सोडून. त्यामुळं घरच्या फोटोंच्या टेप कंपनीच्या नावानं बिल करून देऊ नका.

रिकव्हरीवाल्याला सांगा की आधी टेपची जशीच्या तशी प्रत काढा आणि फाइली त्या प्रतीतून उघडा. लिनक्सवर 'डीडी' या फुकटच्या प्रोग्रॅमनं हे होतं. शेवटचा हप्ता देण्याआधी निरनिराळ्या फोल्डरमधल्या दहा फाइली स्वतः उघडून बघा. मराठी डीटीपीच्या पानांवर रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर घाबरू नका. युनिकोडच्या आधीचे श्रीलिपी, आकृतीसारखे फॉन्ट त्या मशीनवर नसले की असंच दिसतं. म्हणून टेपवरचा विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डरही काढून द्या, हे पहिल्याच दिवशी कामाच्या यादीत लिहा.