मुलांनी केलेली गावाची पुस्तिका: खर्च किती?

तिसरी-चौथीच्या 30 मुलांनी आपल्या गल्लीची ओळख करून देणारी 16 पानी पुस्तिका काढायची, तर साडेसहाशे रुपयांत काम होतं. डीटीपी नको, गुळगुळीत कागद नको. मुलांचं अक्षर आणि मुलांची चित्रंच छापा. टाइप केला की मजकूर मोठ्यांचा होऊन बसतो.

ए-फोर कागद मध्ये दुमडला की चार पानं. म्हणजे 16 पानांना चार कागद, आठ बाजू. झेरॉक्सचे एका बाजूला 2 रुपये धरले तर प्रतीमागे 16, तीस प्रतींचे 480. मुखपृष्ठाच्या कार्डशीटचे 5 रुपयांप्रमाणे 150. एकूण 630. मुखपृष्ठावर प्रत्येकानं आपापलं चित्र काढावं. आतली पानं काळ्या पेनानंच लिहून घ्या, पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी उमटते. सुरुवातीला कोरी नमुना-प्रत दुमडून तिच्यावर पानांचे आकडे टाका: पहिलं आणि सोळावं पान कागदाच्या एकाच बाजूला येतं. हे चुकलं तर सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागतात. साधा स्टेपलर दुमडीपर्यंत पोचत नाही. सुई-दोऱ्यानं तीन टाके घाला.

भाषांतरावर पैसे घालवू नका. शेजारच्या कन्नड शाळेतली मुलं सोबत घ्या. डावं पान मराठी, उजवं कन्नड. छपाईचा खर्च तेवढाच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या गावाची पुस्तिका एकाच भाषेत काढली, तर शेजारच्या घरातल्या मुलाला ती वाचता येत नाही. हे मला पटत नाही.

माहिती गोळा करायला मुलांना बाहेर न्या. बेळगावात किल्ला बसस्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती (जैन मंदिर), सोळाव्या शतकातली साफा मशीद आणि 1892 साली विवेकानंद बेळगावात राहिले त्याची आठवण जपणारा रामकृष्ण आश्रम, तिन्ही एकाच फेरीत होतात. जवळपास लष्कराची ठिकाणं आहेत, तेव्हा फोटो विचारूनच काढा. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा पाहायला टिळकवाडीत वीरसौधला जा. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायका आणि मुलींना साध्या सरकारी बसला भाडं पडत नाही, ओळखपत्र मात्र हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलग्यांना अर्धं तिकीट.

निपाणीतल्या शाळेला तर प्रवासखर्चही नको, माहिती गावातच मिळते. विड्या वळणारी आजी दिवसाला किती वळते, पानं कशी कापते, मजुरी कशी मिळते, हे मुलांनी तिच्या शेजारी बसून लिहावं. 1981 च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनात महामार्गावर बसलेले आजोबा अजून भेटतात. आंदोलनाचे नेते शरद जोशी यांची सभा त्यांनी कुठे बसून ऐकली, हे विचारायला सांगा. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज नकाशात दाखवाच: निपाणीला लागून, पण महाराष्ट्रात. दोन्ही राज्यांच्या रेषेचं इतकं सोपं चित्र मुलांना दुसरं मिळणार नाही.

ज्यांची माहिती घेतली त्यांना प्रत द्यायलाच हवी. त्यासाठी दहा प्रती जास्त काढा: 210 रुपये. कोणाचा फोन नंबर छापणार असाल, तर आधी त्यांना विचारा.