खेडे सोडून सोलापुरास

शहराच्या झगमगाटास भुलून लोक गाव सोडितात, असे पुष्कळदा म्हटले जाते. सोलापूर शहर कसे वाढले हे पाहिले असता आम्हांस हे म्हणणे पटत नाही.

हा जिल्हा मूळचाच अवर्षणाचा. १८६० साली येथे आगगाडी आली. १८७६ ते १८७८ या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला, आणि १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची कापडगिरणी सुरू झाली. तीच ‘जुनी मिल’ होय. ज्या शेतकऱ्याचे बैल चाऱ्यावाचून मेले व बियाणे पोटात गेले, त्यास पुढे पाऊस पडला तरी पेरणीकरिता सावकाराचे दार धरावे लागे. कर्ज फिटले नाही की जमीन जाई. शेतमजुराजवळ तर जाण्यासारखी जमीनही नसे. पीक बुडाले की त्याच दिवशी त्याची मजुरी बुडे. अशा माणसास गिरणीत दर महिन्यास मिळणारा पगार मोठा वाटला, यात नवल ते काय?

शहरात सुख होते असे मात्र नव्हे. १९०१ साली सोलापूरची लोकसंख्या ७५,२८८ होती. मध्यंतरी प्लेग झाला आणि १९११ साली ती ६१,३४५ भरली. तरी १९२१ साली ती १,१९,५८१ झाली. मरणाची भीती ठाऊक असूनही लोक आलेच.

येणारा सहसा एकटा येत नसे. गावचा किंवा नात्याचा कोणी आधी कामास लागलेला असे. तो जॉबराकडे शब्द टाकी व आपल्या खोलीत पथारीपुरती जागा देई. तेलंगणातील पद्मशाली विणकरही असेच एकामागून एक आले. पुरुष मागावर बसे व घरची स्त्री विड्या वळी, कारण एका मजुरीत घर चालत नसे. आणि सर्वच जण आपखुशीने आले असेही समजू नये. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांतील कित्येकांस येथे तारेच्या कुंपणात आणून ठेविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव अद्याप चालू आहे.

पुढे मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता सोलापूरचेच तरुण पुण्यास जातात, आणि बीडकडील कुटुंबे ऊसतोडीस या जिल्ह्यात येतात. त्यांचा व्यवहार नीट समजून घेण्यासारखा आहे. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, व उचल कामातून फेडावयाची असते. बाई आजारी पडली किंवा गाडी रिकामी उभी राहिली, तर उरलेली रक्कम पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. मुले बरोबर नेली तर शाळा तुटते. मागे ठेविली तर म्हातारीच्या गळ्यात पडतात.

वर्ग घेणाऱ्यांनी मंडळीस हे विचारावे: आपल्या गावातून गेल्या दहा वर्षांत कोण कोण गेले? जाण्यापूर्वी त्यांच्या अंगावर कोणाचे कर्ज होते? उचलीचा हिशेब वहीत कोण लिहितो, आणि ती वही घरात कोणास वाचता येते?