रस्त्यावरचा कळप

दिवाळी संपते. कोकणात भाताची कापणी होते आणि शेते मोकळी होतात. त्या सुमारास कल्याणहून मुरबाडकडे निघालेली एस.टी. कधीकधी मध्येच थांबते. प्रवासी खिडकीतून माना बाहेर काढतात. पाहावे तर पुढचा सगळा रस्ता मेंढ्यांनी भरलेला! शेकडो मेंढ्या माना खाली घालून, एकमेकींना चिकटून चाललेल्या असतात. त्यांच्यापुढे खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला मेंढपाळ. मागे एखादे घोडे. घोड्याच्या पाठीवर भांडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे. लगाम बहुधा घरातील बाईच्या हातात असतो.

कळव्याच्या मुलांना मोटारी आणि रिक्षा रोजच्याच. असा कळप मात्र क्वचित दिसतो. एवढ्या मेंढ्या घेऊन ही माणसे येतात तरी कोठून?

ती सह्याद्रीच्या पलीकडून येतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात ढवळपुरी नावाचे गाव आहे. (या जिल्ह्याचे नाव २०२४ पर्यंत अहमदनगर होते.) त्या परिसरातील अनेक धनगर कुटुंबे दरवर्षी घाट उतरून ठाणे व पालघर जिल्ह्यांत येतात. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील धनगरही कोकणात उतरतात. पारनेरकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळा सरता सरता तेथील गवत वाळते, पाणी आटते. कोकणात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे दिवाळीनंतरही येथे चारा असतो. मग पावसाळ्यात ते येथेच का राहत नाहीत? कारण सततच्या ओलीत मेंढ्यांचे खूर कुजतात, त्यांना रोग होतात. म्हणून पहिला पाऊस पडण्याआधी त्यांना घाट चढून परत गेलेच पाहिजे. सहा-सात महिने घराबाहेर! मुलांच्या शाळेचे काय होत असेल, हे तुम्हीच विचार करून पाहा.

येथे शब्दांची एक गंमत सांगितली पाहिजे. उर्दूत जिला 'भेड' म्हणतात ती मराठीत 'मेंढी'. उर्दूतील 'बकरी' म्हणजे मराठीतील 'शेळी'. पण पुष्कळ धनगर आपल्या मेंढ्यांनाच 'बकरी' म्हणतात! तेव्हा मेंढपाळ "माझी बकरी चरायला गेली" असे म्हणाला, तर शेळी शोधत बसू नका.

धनगरांच्या तळाला 'वाडा' म्हणतात. त्याला भिंती नसतात आणि दारही नसते. रात्री कळप एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात बसवतात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत्र जमिनीत मुरते व शेताला उत्तम खत मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्यांना जागा हवी, शेताला खत हवे. दोघांचीही गरज भागते. पूर्वी लोकरीचेही चांगले पैसे येत. आता दख्खनी मेंढीच्या जाड, काळ्या लोकरीला फारसा भाव नाही. कातरणीचा खर्चही कधीकधी निघत नाही.

रस्ता ओलांडणे हे मेंढपाळाचे सर्वांत कठीण काम. मेंढी एकटी चालत नाही. पुढची गेली की मागची जाते, मग समोर काहीही असो. कळपात दोन-चार शेळ्याही असतात. त्या धीट असल्यामुळे पुढे होतात. अशा वेळी एखाद्या चालकाने जोरात भोंगा वाजवला तर मेंढ्या बिथरतात आणि नेमक्या चाकांकडे धावतात. गाडी मध्ये घुसवली की कळपाचे दोन भाग होतात, कोकरे आयांपासून तुटतात. भरधाव गाडीखाली एका वेळी अनेक मेंढ्या मेल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या कुटुंबाची सारी कमाई क्षणात रस्त्यावर पडते. जाणता चालक गाडी कडेला घेतो, दिवे मंद करतो आणि मेंढपाळाच्या काठीकडे पाहतो. काठी खाली आली की वाट मोकळी. यात चार-पाच मिनिटे जातात, फार नाहीत.

शहरे मात्र थांबत नाहीत. कळव्याजवळच्या कल्याण-शिळ रस्त्याच्या कडेला पूर्वी भाताची खाचरे होती. आज तेथे उंच इमारती आहेत. जेथे खाचर नाही तेथे वाडा बसवणार कोठे? म्हणून धनगर आता आडवळणाच्या गावांकडे वळतात. घाट उतरण्यापूर्वीच ते ओळखीच्या शेतकऱ्याला मोबाइलवरून विचारतात, "यंदा शेत मोकळं आहे ना?"

स्वाध्याय
१. धनगर पावसाळ्यापूर्वी कोकणातून परत का जातात?
२. कळप शेतात बसवल्याने कोणाचा कोणता फायदा होतो?
३. 'मेंढी', 'कोकरू', 'खूर', 'चारा' यांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.
४. तुमच्या वस्तीच्या जागी पूर्वी काय होते, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व पाच वाक्ये मराठीत लिहा.